इंग्लंडात प्लायोनी: संक्रांतीला लावायची, पाडव्याला फुलणारी ऑर्किडं

इंग्लंडातल्या बहुतेक मराठी घरांत एक ऑर्किड येऊन गेलेलं असतं. सुपरमार्केटातलं, पारदर्शक कुंडीतलं फॅलेनॉप्सिस. ते हीटरच्या वरच्या खिडकीत दोन-तीन महिने टिकतं आणि मग ‘आपल्याला ऑर्किड जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. हा लेख अशा लोकांसाठी आहे. विशेषतः ज्यांच्याकडे गरम जागा नाही, पण गार पोर्च, बिनहीटरची शेड किंवा मागच्या दारी एखादी कोल्ड फ्रेम (काचेच्या झाकणाची बुटकी पेटी) आहे, त्यांच्यासाठी. प्लायोनी नावाच्या छोट्या ऑर्किडांना नेमकी तीच जागा लागते. दिवाणखान्यातल्या उबेत ती मरतात.

फूल रोपाच्या मानाने अवाढव्य. बोटभर देठावर आठ-दहा सेंटीमीटरचं, जांभळट गुलाबी, पांढरं किंवा पिवळं. मधला ओठ, म्हणजे ऑर्किडची वेगळ्या आकाराची पाकळी, झालरीसारखा कातरलेला आणि आतून ठिपक्यांचा. एका परडीत दहा-पंधरा फुलं एकदम उघडली की शेजारची मंडळी कुंपणावरून विचारायला येतात.

१. आधी याचं वर्ष समजून घ्या

प्लायोनीचा कंद एकच वर्ष जगतो. हे कळलं की निम्मं काम झालं. जानेवारीत तुमच्या हातात असलेला कंद वसंतात फुलतो. त्याच्या बुडाशी आलेल्या कोंबातून पान उघडतं, ते पान उन्हाळाभर अन्न तयार करतं आणि सप्टेंबरपर्यंत कोंबाच्या तळाशी नवा कंद फुगतो. तोवर जुना सुरकुतून संपलेला असतो. म्हणजे तुम्ही कंद टिकवत नसता, दर वर्षी त्याचा वारस तयार करून घेत असता. चांगल्या कंदाला बऱ्याचदा दोन कोंब येतात, म्हणजे दोन वारस. शिवाय शेंड्यावर बारीक पिल्लं धरतात ती वेगळीच.

मूळ ठिकाण नेपाळ, सिक्कीम, ईशान्य भारत, भूतान, म्यानमार, चीनचा युनान प्रांत, तैवान. तिथे ही शेवाळलेल्या खडकांवर आणि झाडांच्या खोडांवर वाढतात. उन्हाळ्यात मुबलक पाऊस, हिवाळ्यात कोरडी थंडी. कासच्या पठारावरच्या पावसाळी आमरी पाऊस संपला की वरून नाहीशा होतात आणि जमिनीखाली गड्ड्याच्या रूपाने उरतात, हे आपल्याला माहीत असतं. प्लायोनीचंही गणित तेच, फक्त झोपेच्या काळात तिला खरी थंडी हवी.

म्हणूनच ‘पुण्यात आईकडे पाठवू का?’ या प्रश्नाचं उत्तर नको असंच आहे. हिवाळा पुरेसा गार नाही आणि एप्रिल-मे तर विचारायलाच नको.

२. जागा तपासा

दोन गोष्टी लागतात.

हिवाळ्यात अंदाजे २ ते ५ अंश तापमान असलेली कोरडी जागा. कंद पूर्ण कोरडा असेल तर किंचित गोठण सोसतो, पण ओल्या कुंडीतला गोठलेला कंद वितळल्यावर लिबलिबीत होतो. ‘हार्डी’ हा शब्द पाकिटावर वाचून थेट बागेतल्या मातीत लावू नका. इथल्या हिवाळ्यात मारक ठरते ती थंडीपेक्षा ओल.

उन्हाळ्यात उजेड हवा, पण ऊन नको. पूर्वेची किंवा उत्तरेची बाजू, झाडाची विरळ सावली किंवा शेडनेट चालतं. तापमान २५ अंशांच्या खाली राहिलं तर उत्तम. दक्षिणेकडच्या काचेच्या कॉन्झर्व्हेटरीत जुलैमध्ये पानांची टोकं करपतात.

शेड किंवा पोर्च नसेल तर हिवाळ्यापुरता फ्रीज चालतो. कंद कागदी पिशवीत घालून ठेवा, मात्र सफरचंदांच्या कप्प्यापासून लांब. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू कळ्यांना बाधतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा, कारण हे कंद लसणासारखे दिसत नसले तरी कुणीतरी ‘हे काय पडलंय’ म्हणून टाकून देऊ शकतं.

३. पहिली खरेदी

पहिल्या वर्षी फॉर्मोसाना घ्या. तैवान आणि पूर्व चीनमधली ही जात सगळ्यांत सोशिक, लवकर वाढणारी आणि स्वस्त. तिचे रंगाप्रमाणे निवडलेले बरेच प्रकार मिळतात. ‘क्लेअर’ पांढरा, ‘ब्लश ऑफ डॉन’ फिक्या गुलाबी छटेचा. जोडीला लिंप्रिक्टी ही जात घ्यायला हरकत नाही. ती गडद आणि काटक असते.

पिवळ्या फॉरेस्टीच्या फोटोवर जीव जडतो. तरी ती पहिल्या वर्षी नकोच. हुकेरियानाचंही तसंच. ती उंच हिमालयातली आहे आणि इंग्लंडच्या दक्षिणेत उन्हाळा तिला जड जातो. प्रेकॉक्स आणि मॅक्युलाटा या भारतातही मिळणाऱ्या जाती शरद ऋतूत फुलतात. त्यांचं वेळापत्रक वेगळं असतं आणि हिवाळ्यात त्यांना थोडी जास्त ऊबही लागते. वसंतातल्या जातींच्या शेजारी ठेवून सगळ्यांना एकच नियम लावला की दोन्हींपैकी एक गट हमखास बिघडतो.

कंद नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सुप्तावस्थेत विकले जातात आणि टपालाने येतात. फॉर्मोसानाचा कंद निदान सुपारीएवढा असावा. त्याहून लहान कंद पान देतो, फूल देईलच असं नाही. दाबून बघा, टणक लागला पाहिजे. बुडाशी कोंब दिसत असेल तर तो फुगीर आहे की सडपातळ ते पाहा. फुगीर कोंबात बहुधा कळी असते, सडपातळ टोकदार कोंबात नुसतं पान.

ऑनलाइन लिलावात मिळणारे निळेशार, इंद्रधनुषी ‘प्लायोनी बियाणे’ थेट वगळा. निळी प्लायोनी नसते. आणि ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक, साठवलेलं अन्न नसलेलं असतं. कुंडीत टाकून ते घरी रुजत नाही.

खरेदीची सर्वांत चांगली जागा म्हणजे अल्पाइन गार्डन सोसायटीची वसंतातली प्रदर्शनं. १९२९ पासून चालत आलेली ही संस्था डोंगराळ फुलझाडांची आहे. प्रदर्शनाच्या दालनाशेजारी छोट्या नर्सऱ्यांची विक्री असते. स्पर्धेच्या टेबलावर प्लायोनीच्या परड्या मांडलेल्या असतात, त्यामुळे फोटोत नारिंगी दिसणारं फूल प्रत्यक्षात कसं आहे ते कळतं. स्कॉटलंडात असाल तर स्कॉटिश रॉक गार्डन क्लब आहे. तिथली वयस्कर माणसं अनोळखी नवख्याला तासभर समजावून सांगतात. संकोचू नका.

जमवायचं सामान:

- उथळ कुंड्या किंवा परड्या, ७-८ सेंटीमीटर खोल, तळाला भरपूर भोकं
- ऑर्किडसाठी मिळणारी बारीक साल (फाइन बार्क)
- पर्लाइट
- स्फॅग्नम मॉस, कात्रीने बारीक केलेलं
- धारदार कात्री किंवा ब्लेड, आणि ते तापवायला लायटर
- पावसाचं पाणी साठवायला पिंप
- बारीक तोटीची झारी
- प्लास्टिकची लेबलं आणि शिसपेन्सिल (मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडते)

४. संक्रांतीच्या सुमारास लावणी

कंद दर वर्षी नव्या मिश्रणात लावायचे. जुनं मिश्रण वर्षभरात कुजून गच्च होतं आणि त्यातलं पाणी निथळत नाही. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी, कोंब हलायच्या आत हे काम उरकावं.

मिश्रण: सहा भाग साल, एक भाग पर्लाइट, एक भाग मॉस. ओलावा जरा जास्त धरायचा असेल तर मॉस वाढवा. बागेची माती किंवा साधं कंपोस्ट अजिबात नको. मिश्रण आदल्या दिवशी भिजवून नुसतं दमट करून ठेवा, म्हणजे लावल्यावर पाणी घालायची गरज पडत नाही.

जुना सुकलेला कंद वेगळा काढा. नव्या कंदावरची कागदासारखी साल हलक्या हाताने सोला, कारण कोळी (माइट नावाची बारीक कीड) तिच्याखालीच लपतात. जुनी मुळं मेलेली असतात, पण सगळी उपटू नका. एक-दोन सेंटीमीटर ठेवून बाकीची कापा. हे ठेवलेले खुंट कंदाला कुंडीत धरून ठेवतात. कंदाचा खालचा एक तृतीयांश भाग मिश्रणात, बाकी वर. कोंब कुंडीच्या मध्याकडे वळवा, म्हणजे नवे कंद काठाबाहेर लोंबत नाहीत. १५ सेंटीमीटरच्या परडीत फॉर्मोसानाचे आठ-दहा कंद छान बसतात. एकेकट्या कंदाला स्वतंत्र छोटी कुंडी दिली तर ती फार पटकन सुकते.

लेबल आत्ताच लावा. ‘नंतर लिहू’ म्हणालात की पाच सुप्त परड्या समोर असतात आणि सगळे कंद सारखेच दिसतात.

५. फुलांनंतरचा नाजूक महिना

बहुतेक प्लायोनी याच टप्प्यावर जातात, त्यामुळे इथे सावकाश वाचा.

मार्चमध्ये कळ्या वर येतात. पाडव्याच्या आगेमागे फुलं उघडतात आणि गार जागेत दोन आठवड्यांच्या आसपास टिकतात. इतकं मोठं फूल दिसल्यावर हात आपोआप झारीकडे जातो. थांबा. या वेळी रोपाला मुळंच नसतात. फूल आणि कोंब दोन्ही जुन्या कंदात साठवलेल्या पाण्यावर चाललेले असतात. कुंडीत ओतलेलं पाणी कुणीही पीत नाही. ते कोंबाभोवतीच्या आवरणात साचतं आणि बुडापासून तपकिरी कुजवा सुरू होतो. कोंब गेला म्हणजे वारस गेला, आणि जुना कंद तर वर्षाअखेर संपणारच आहे.

मग पाणी कधी? कोंबाच्या बुडाशी, मिश्रणाच्या पृष्ठभागाजवळ नीट पाहा. पांढरी, पारदर्शक टोकाची नवी मुळं खाली वळताना दिसतील. कोंब तोवर बोटभर उंच झालेला असतो आणि पान उलगडू लागलेलं असतं. इथून सुरुवात करा, तीही थोडीच: कुंडीच्या कडेकडेने, कोंबावर थेंब पडू न देता, आठवड्यातून एकदा. पान पूर्ण उघडलं की हात सैल सोडा.

त्या मुळांना हात लावू नका. प्लायोनीचं मूळ टोकाला तुटलं तर त्याला फाटे फुटत नाहीत, ते मूळ संपतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये कुंडी बदलणं, कंद उकरून पाहणं, ‘जरा खोल बसवू’ म्हणून दाबणं, सगळं वर्ज्य. मुळं हवेत लोंबताना दिसली तर वरून ओल्या मॉसचा पातळ थर पसरा, तेवढं पुरतं.

कंद सुरकुततोय म्हणून घाबरून पाणी घालणं ही नेहमीची गफलत. या दिवसांत त्याने सुरकुतायचंच असतं.

६. मे ते ऑगस्ट

आता उलट वागायचं. पान मोठं झालं की रोपाला तहान लागते, आणि मिश्रण कोरडं पडलं तर नव्या कंदाचा आकार तिथेच थांबतो. कुंडी सतत ओलसर ठेवा, पण ताटलीत पाणी साचू देऊ नका.

पाणी पावसाचं वापरा. लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या नळाला चुना भरपूर, तुमच्या किटलीच्या तळाला दिसतोच. तो मिश्रणात साचत जातो आणि मुळं काळी पडतात. इंग्लंडात पावसाचं पाणी साठवायला जागा नसेल असं म्हणणं अवघड आहे. पन्हळीखाली एक पिंप पुरतं.

खत विद्राव्य, डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या पाव भाग, दर आठवड्याला. जुलैच्या मध्यापर्यंत नत्राचं प्रमाण बरं असलेलं, त्यानंतर पालाश जास्त असलेलं. टोमॅटोसाठी मिळणारं खत यासाठी चालतं. गणपती आले की खत बंद. मधूनमधून एकदा नुसतं पाणी भरपूर ओतून साचलेले क्षार धुऊन काढा.

जुलैमध्ये भारतात जाणार असाल तर ही खरी अडचण. शेजाऱ्यांना ‘रोज पाणी घाला’ सांगून जाण्याऐवजी परड्या उत्तरेच्या भिंतीशी, उघड्या आभाळाखाली ठेवा. इंग्लिश पाऊस बहुतेक काम करतो. कोरडा आठवडा आला तरच झारी. गोगलगायींचा बंदोबस्त मात्र जाण्याआधी करा.

७. दिवाळीपर्यंत झोप

सप्टेंबरअखेर पानं पिवळी पडू लागतात. पाणी हळूहळू कमी करा, पान स्वतःहून गळेपर्यंत थांबा. हिरवं पान ओढून काढायचं नाही, त्यातलं अन्न अजून कंदात उतरत असतं. पान गळलं की पाणी पूर्ण बंद, आणि परडी पावसापासून आत.

मग थंडी. हिवाळ्यात घरात, १८ अंशांत ठेवलेले कंद जानेवारीतच कोंब काढतात, कळ्या आतल्या आत वाळतात आणि पुढे उजेडाअभावी पान लांबडं, लुळं येतं. कंद कुंडीत कोरडे राहू दिले तरी चालतात, काढून जाळीच्या ट्रेमध्ये ठेवले तरी चालतात. आठ-पंधरा दिवसांनी एकदा नजर टाका. बुरशी दिसलेला कंद लगेच बाजूला.

८. कीड आणि रोग

गोगलगायी, विशेषतः बिनशंखाच्या, रात्रीत कळी फस्त करतात. टॉर्च घेऊन वेचणं हाच उपाय. मावा आणि पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसता येतात, पण मावा विषाणू पसरवतो म्हणून चालढकल नको. चपटा लाल कोळी डोळ्यांना जेमतेम दिसतो. कंदाच्या सालीवर करड्या-तपकिरी खरखरीत खपल्या आल्या तर तोच. व्हाइन वीव्हिल नावाच्या भुंग्याच्या पांढऱ्या अळ्या मिश्रणात राहून मुळं खातात. लावणी दर वर्षी नव्याने होत असल्याने त्या सापडतातच.

विषाणूला औषध नाही. पानावर फिकट पट्टे किंवा ठिपके दर वर्षी येत असतील, फुलाचा रंग तुटक-तुटक येत असेल, तर ती अख्खी परडी कचऱ्यात टाका. महागाचा संकर असला तरी. आणि कापताना प्रत्येक परडीनंतर ब्लेड ज्योतीवर तापवा.

९. संग्रह वाढवताना: संकर आणि नावं

दोन वर्षं फॉर्मोसाना नीट फुलली की संकरांकडे वळा. ते कित्येकदा आईबापांपेक्षा दणकट निघतात आणि नवख्यालाही चांगले साधतात.

पहिला नोंदलेला संकर ‘व्हर्साय’, फॉर्मोसाना आणि लिंप्रिक्टी यांचा. तो फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी केला आणि १९६६ मध्ये त्याची नोंद झाली. आजही सुरुवातीला घ्यावा असा. ‘शांटुंग’ हा फॉर्मोसाना आणि पिवळ्या कन्फ्यूझाचा. त्यात जर्दाळूच्या रंगापासून पिवळ्यापर्यंत छटा मिळतात आणि त्यातली ‘म्युरियल हार्बर्ड’ ही निवड दमदार वाढते. पिवळा रंग हवा पण फॉरेस्टीची कटकट नको, अशांनी इकडून जावं.

बकिंगहॅमशायरच्या इयान बटरफील्ड यांनी प्लायोनीचा राष्ट्रीय संग्रह सांभाळला आणि ढिगाने संकर केले. त्यांच्या संकरांना बरेचदा ज्वालामुखींची नावं आणि त्यातल्या निवडक रोपांना पक्ष्यांची: ‘टोंगारिरो जॅकडॉ’, ‘एटना बुलफिंच’, ‘हेक्ला पार्ट्रिज’. भूगोल आणि पक्षिनिरीक्षण दोन्ही एका लेबलवर.

या दुहेरी नावांची पद्धत समजून घ्या, नाहीतर पैसे वाया जातात. पहिलं नाव त्या आईबापांच्या जोडीतून झालेल्या सगळ्या भावंडांचं. दुसरं एका विशिष्ट रोपाचं, ज्याचे फक्त कंदांनी वाढवलेले वारसच ते नाव लावू शकतात. नुसतं ‘टोंगारिरो’ असं लिहिलेला कंद म्हणजे त्या घराण्यातलं कुणीही. फूल फोटोसारखं येईलच असं नाही. ऑर्किड संकरांच्या नोंदी रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ठेवते आणि त्या ऑनलाइन शोधता येतात. विकत घेण्याआधी आईबाप पाहून घ्या.

जातींच्या नावांतही गोंधळ आहे. आज कन्फ्यूझा म्हणतात ती पिवळी प्लायोनी कित्येक वर्षं फॉरेस्टी म्हणूनच विकली जात होती, त्यामुळे जुन्या संग्रहातून आलेल्या लेबलवर डोळे मिटून विश्वास नको. फुलल्यावर पडताळा. शंका असेल तर लेबलवर प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे कुणाला कंद देताना ते प्रश्नचिन्हही द्या. माझ्या मते बिननावाचा सुंदर कंद चालतो, चुकीच्या नावाचा नाही.

वहीत प्रत्येक परडीचं एक पान ठेवा: कुठून आला, कधी लावला, कधी फुलला, वर्षाअखेर किती कंद निघाले. कंदांची संख्या सलग दोन वर्षं घटत असेल तर काहीतरी बिनसलंय, बहुधा उन्हाळ्यातलं पाणी.

१०. कागदपत्रं

ब्रिटनमधल्या नर्सरीतून घेतलंत तर बिलाखेरीज काही लागत नाही. बिल जपून ठेवा. परदेशातून मागवायचं असेल तर मात्र हे लागतं, युरोपीय संघातून मागवलं तरीही:

- वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, म्हणजे फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट
- साइट्सची (CITES, दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागदपत्रं: पाठवणाऱ्या देशाचा निर्यात परवाना आणि ब्रिटनचा आयात परवाना. सगळ्या प्लायोनी साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात
- रोपं कृत्रिमरीत्या वाढवलेली आहेत असा विक्रेत्याचा उल्लेख

एक-दोन कंदांसाठी हा खर्च कंदांच्या किमतीहून जास्त होतो. त्यापेक्षा चार जणांनी मिळून एकत्र मागवा, किंवा इथलाच विक्रेता गाठा. ‘कागदांची गरज नाही, गिफ्ट लिहून पाठवतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्याचं पार्सल अडकतं आणि पैसेही परत येत नाहीत.

शिलाँग किंवा दार्जिलिंगच्या सहलीत बाजारात मॉसमध्ये गुंडाळलेले कंद दिसले तर घेऊ नका. ते बहुधा जंगलातून उपटलेले असतात. प्लायोनीवर आधीच ताण आहे, कारण चिनी पारंपरिक औषधांसाठी काही जातींचे कंद जंगलातून खणले जातात. शिवाय भारतातून ते सामानात घालून आणणं बेकायदा आहे आणि विमानतळावर जप्त होतात. त्याच जातींचे नर्सरीत वाढवलेले कंद ब्रिटनमध्ये मिळू शकतात, नोव्हेंबरच्या याद्यांत शोधा. याद्या आल्या की पहिल्या आठवड्यातच मागणी नोंदवा, कारण पिवळे संकर सर्वांत आधी संपतात.